अमेरिकेत नववीला ऑनर्स वर्ल्ड हिस्टरी घेताय? मग हे आधी वाचा

आमची लेक पुण्यात आठवी करून न्यू जर्सीला आली आणि सप्टेंबरात नववीच्या ऑनर्स वर्ल्ड हिस्टरीच्या वर्गात जाऊन बसली. पहिल्या निबंधाचा विषय होता युरोपातली धर्मसुधारणा चळवळ. तिने दोन रात्री जागून सगळी कारणं लिहिली: पापमुक्तीच्या पत्रांची विक्री, 1517 सालचा मार्टिन ल्यूथर, छापखाना, जर्मन राजेरजवाड्यांची पोपवरची नाराजी. चूक एकही नाही. निबंध परत आला तो सी-मायनस घेऊन, आणि समासात बाईंची एक ओळ: हे सगळं खरं आहे, पण तुझं म्हणणं काय?

घरात रडारड झाली. मीही मनात म्हटलं, चौदा वर्षांच्या पोरीचं ल्यूथरबद्दल काय म्हणणं असणार! पण पुढचे दहा महिने आम्ही मायलेकी त्या एका ओळीच्या मागे होतो. पुढे जे लिहिलंय ते नुकत्याच इकडे आलेल्या घरांसाठी आहे, आणि मराठी वाचणाऱ्या मुलांसाठीही.

वर्ग निवडताना

हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. बहुतेक शाळांत इतिहासाचे दोन-तीन स्तर असतात: साधा, ऑनर्स आणि एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा. ऑनर्समध्ये विषय तोच, पण वाचन जास्त आणि लिखाण बरंच जास्त. बऱ्याच शाळा जीपीए, म्हणजे सगळ्या श्रेणींची सरासरी, काढताना ऑनर्सच्या श्रेणीला थोडं जादा वजन देतात, म्हणून आपल्याकडचे पालक डोळे झाकून ऑनर्स मागतात. कोणत्या इयत्तेत काय शिकवतात हे राज्यावर आहे. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला वर्ल्ड हिस्टरीचं एक वर्ष, म्हणजे पाच क्रेडिट, लागतात. कॅलिफोर्नियात आधुनिक जगाचा इतिहास साधारणपणे दहावीला येतो. न्यूयॉर्कमध्ये हाच विषय नववी-दहावीत ग्लोबल हिस्टरी या नावाने शिकवतात आणि शेवटी राज्याची रीजंट्स परीक्षा असते.

भारतातून आलेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक काउन्सेलरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला, फारसं काही सांगत नाही. श्रेणी कशाची, किती मुलांत, कसली परीक्षा, त्यांना कळायला मार्ग नसतो. त्यामुळे भेटीला जाताना मुलाने स्वतः इंग्रजीत लिहिलेले एक-दोन निबंध घेऊन जा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: वर्ग झेपला नाही तर खालच्या स्तरावर जायची शेवटची तारीख कोणती? माझं मत विचाराल तर, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने पहिलं वर्ष साध्या वर्गात काढलं तर काही बिघडत नाही. इंग्रजी बसली की पुढच्या वर्षी वर चढता येतं. मुलाला बुडवून पोहायला शिकवायची आपली जुनी पद्धत इथे उगाच वापरू नका.

पहिला आठवडा

पहिल्याच दिवशी सिलॅबस नावाचे चार-पाच कागद मिळतात. आपल्याकडे असला कागद दप्तराच्या तळाशी जातो. इथे त्यातच सगळं असतं: चाचणीला किती टक्के, निबंधाला किती, वर्गात बोलण्याला किती, उशिरा दिलेल्या गृहपाठाचे गुण किती कापणार. तो फ्रीजवर लावा. निबंधासोबत रुब्रिक येतं, म्हणजे कशाला किती गुण त्याचा तक्ता. लिहायला बसण्याआधी तो वाचायचा, हे आमच्याकडे डिसेंबरात उमगलं.

शिक्षकांना इथे मिस्टर किंवा मिस लावून आडनावाने हाक मारतात. तासानंतर थांबून शंका विचारली तर त्यांना राग येत नाही, उलट तसं न करणाऱ्या मुलाला काही अडचण नाही असंच ते धरून चालतात.

वाचन आणि टिपणं

साधारण आठवड्याला एक प्रकरण. आमची पोर सुरुवातीला धडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची आणि निम्मं पान पिवळं करून ठेवायची. त्याचा उपयोग शून्य. वाचायचा क्रम उलटा ठेवा: आधी धड्याखालचे प्रश्न, मग मथळे, मग नकाशे आणि चित्रं, आणि शेवटी मजकूर.

टिपणांसाठी बहुतेक शिक्षक कॉर्नेल पद्धत सांगतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ती 1950च्या दशकात रूढ केली. पानाच्या डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे रुंद, खाली आडवी पट्टी. उजवीकडे धड्यातले मुद्दे, डावीकडे त्यावरचे प्रश्न, खाली दोन ओळींत सार. खरी गंमत डाव्या रकान्यात आहे. लेकीच्या वहीत तिथे मराठीत लिहिलेलं असायचं: ‘मग शेतकऱ्यांनी काय केलं?’, ‘हे कोणाच्या पैशांवर?’, एकदा तर नुसतंच ‘उगाच!’. टिपणं तुमच्यासाठी असतात, त्यामुळे ती ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत लिहा.

सनावळी पाठ करायची गरज फार कमी. पण आधी काय आणि नंतर काय हे डोक्यात पक्कं हवं, नाहीतर कारण आणि परिणाम यांची उलटापालट होते. आम्ही दिवाळीच्या भेटींचा उरलेला कागद उलटा करून स्वयंपाकघराच्या दारावर लावला आणि त्यावर लांब रेघ मारली. वर जगातलं, खाली आपल्याकडचं. 1347 ला काळी साथ युरोपात पोचली, त्याच साली दख्खनमध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. 1761 चं पानिपत झालं तेव्हा तिकडे सप्तवार्षिक युद्ध चालू होतं. वॉटर्लू 1815, पेशवाईचा शेवट 1818. आणि माझी आवडती जागा 1848: युरोपभर क्रांत्यांचा वणवा पेटलेला, आणि पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा. आपल्याकडची तारीख आधीच माहीत असलेल्या मुलाला शेजारची तारीख आपोआप लक्षात राहते.

कागद काय सांगतो, आणि का सांगतो

ऑनर्स वर्गाचा गाभा इथे आहे. धड्यासोबत मूळ कागद वाचायला देतात: पत्र, भाषण, व्यंगचित्र, साक्ष, जाहिरात. नुसता मजकूर सांगून भागत नाही. कागद कोणत्या परिस्थितीत लिहिला, कोणासाठी, कशासाठी, आणि लिहिणारा कुठे उभा राहून बोलतोय, हे सांगावं लागतं. या चार प्रश्नांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून काही शिक्षक त्याला हिप म्हणतात.

एक उदाहरण जवळून बघू. औद्योगिक क्रांतीच्या धड्यात दोन उतारे आले होते. पहिला 1832 चा. ब्रिटिश संसदेत खासदार मायकेल सॅडलर यांच्या समितीपुढे मॅथ्यू क्रॅबट्री नावाच्या 22 वर्षांच्या तरुणाची साक्ष. तो सांगतो, आठव्या वर्षी कारखान्यात गेलो, सकाळी सहा ते रात्री आठ काम, दुपारी एक तास सुट्टी, आणि धंदा तेजीत असला की पहाटे पाच ते रात्री नऊ. दुसरा उतारा 1835 चा, अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाचा. तो म्हणतो, मी अनेक गिरण्या फिरलो, एकाही पोराला मारलेलं पाहिलं नाही, पोरं आनंदी, चपळ, कामात रमलेली.

लेकीने एका मिनिटात निकाल दिला: क्रॅबट्री खरा, यूर खोटारडा. मी म्हटलं, थांब. यूर कोणाच्या परवानगीने गिरणीत शिरला असेल? साहेब बघायला आलेत म्हटल्यावर मुकादम पट्टा उगारेल का? हे तिला पटलं. मग म्हटलं, आता तुझ्या क्रॅबट्रीला तेच प्रश्न विचार. सॅडलरना दिवसाला दहा तासांच्या मर्यादेचा कायदा करून घ्यायचा होता. साक्षीदार त्यांच्या बाजूने आणलेले होते, साक्षी शपथेवर नव्हत्या, आणि गिरणीमालकांचं म्हणणं तोवर ऐकलंच गेलं नव्हतं. त्यावरून ओरड झाली म्हणून 1833 मध्ये सरकारने नवा आयोग नेमला. ती हिरमुसली. ‘मग तो खोटं बोलतोय का?’ तसं नाही. आठव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा ते विसरत नसतो. पण समिती कोणाला बोलावते आणि काय विचारते, यावर आपल्यापर्यंत काय पोचणार हे ठरतं. हे वाक्य तिने जवळजवळ जसंच्या तसं निबंधात घातलं आणि बाईंनी त्याच्याशेजारी मोठी बरोबरची खूण केली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सभासदाची बखर 1697च्या सुमारास लिहिली गेली, महाराज जाऊन सतराएक वर्षं झाल्यावर, जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. लिहिणारा दरबारातला, ऐकणारा महाराजांचा मुलगा. बखरीवर किती विसंबायचं आणि अस्सल कागदावर किती, यावर मराठी इतिहासकार शंभरहून अधिक वर्षं भांडत आहेत. राजवाडे जुन्या कागदांच्या मागे गावोगाव फिरले ते त्यापायीच. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकात तर पहिले धडेच इतिहासलेखनाचे आहेत. ते पुस्तक घरी असेल तर इकडे येताना बॅगेत टाका.

‘तुझं म्हणणं काय?’

म्हणजे थीसिस. निबंधाच्या सुरुवातीच्या परिच्छेदातलं एक वाक्य, ज्यात प्रश्नाला तुमचं उत्तर आणि त्यामागची कारणं एकत्र असतात. आपल्याकडच्या मुलांना ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ची सवय असते आणि ती कामाची आहे. फरक एवढाच की बोर्डात विधान छापून येतं, इथे ते तुम्हीच लिहायचं.

लेकीचं पहिलं विधान होतं: औद्योगिक क्रांतीचे चांगले आणि वाईट परिणाम झाले. मी पोळ्या करत होते, ती ओट्यापाशी उभी राहून वाचत होती. विचारलं, ‘याला नाही म्हणणारा कोणी शहाणा माणूस सापडेल का?’ ती म्हणाली, नाही. मग हे विधान कशाला सिद्ध करायचं? दुसरं आलं: औद्योगिक क्रांती कामगारांसाठी वाईट होती. आता भांडायला माणूस सापडतो, पण कधी वाईट, कोणत्या कामगारांसाठी, याचा पत्ता नाही. तव्यावरची पोळी करपली, पण तिसरं विधान आलं ते असं:

कारखान्यांनी इंग्लंडमधल्या कामगार मुलांचे हाल वाढवले असले, तरी शेतात आणि घरोघरी विखुरलेले हे कष्ट एका छपराखाली आल्यामुळेच ते सगळ्यांच्या नजरेत आले, आणि 1833 सारखा कायदा करणं सरकारला भाग पडलं.

यात ‘असले, तरी’ आहे, म्हणजे उलट बाजू माहीत असल्याचं कबूल केलंय. काळ आणि जागा ठरली. आणि ‘त्यामुळेच’ या शब्दावर कोणीही वाद घालू शकतं. निबंध त्या शब्दासाठी लढायचा.

त्यापुढे प्रत्येक परिच्छेद एक मुद्दा, त्याला कागदातला पुरावा, आणि मग ‘म्हणून काय?’चं उत्तर. हे शेवटचं आपली मुलं हमखास गाळतात. 1833च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी घातली, एवढं लिहून पुढे जातात. पण पाहणीसाठी सरकारने निरीक्षक नेमले, फक्त चार, अख्ख्या देशाला. हे चार निरीक्षक तुमच्या विधानाला बळ देतात की खिळखिळं करतात? ते दोन वाक्यांत लिहिलं की गुण तिथे मिळतात.

बाहेरचा पुरावा: आपली शिदोरी

दिलेल्या कागदांपलीकडचा एखादा नेमका पुरावा दिला तर वेगळा गुण असतो, आणि तिथे मराठी घरातल्या मुलाकडे वर्गात कोणाकडे नसेल असा माल असतो. अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1861 ते 1865, वर्गात शिकवतात ते लिंकन आणि गुलामगिरीच्या अंगाने. त्याच युद्धाने दक्षिणेतला कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत सट्ट्याची लाट उठली आणि 1865 ला युद्ध संपताच ती फुटली. जागतिक व्यापार कसा गुंतलेला होता हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. कारखान्यांचा विषय जगभराचा असेल तर मुंबईची 1854 ची पहिली कापड गिरणी, 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे नारायण मेघाजी लोखंडे, 1890 ला मिळालेली रविवारची सुट्टी, हे सगळं चालतं. गुलामगिरीच्या उच्चाटनाचा धडा असेल तर जोतीरावांनी 1873 चं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलंय, हे सांगितल्यावर शिक्षकच चकित होतात.

दोन पथ्यं मात्र पाळा. वाचणाऱ्याला लोखंडे कोण हे ठाऊक नसतं, तेव्हा एका वाक्यात ओळख करून द्या. आणि प्रश्न इंग्लंडचा असेल तर मुंबईला घरीच ठेवा. लेकीने मंगोल साम्राज्याच्या निबंधात महाराजांचा गनिमी कावा आणला होता. भावना समजली, गुण गेले.

बोलायचं कसं

सोक्रॅटिक सेमिनार नावाचा प्रकार असतो. मुलं गोल बसतात, शिक्षक गप्प राहतात, चर्चा मुलांनीच करायची आणि बोलण्याला गुण. बाई बोलत असताना मध्ये बोलायचं नाही या शिस्तीत वाढलेलं मूल पहिल्या दोन सेमिनारना भिंतीसारखं बसतं. आमचंही बसलं.

तिसरा सेमिनार कोलंबसनंतरच्या देवघेवीवर होता: अमेरिका खंडातून कोणती पिकं जगभर गेली वगैरे. आदल्या दिवशी चतुर्थी. ताटात साबुदाण्याची खिचडी. मी म्हटलं, मोज बघू. बटाटा अमेरिकेचा, शेंगदाणे अमेरिकेचे, मिरची अमेरिकेची, आणि आजचा साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तो कंदही तिकडचाच. जिरं आणि तूप तेवढं जुनं. म्हणजे 1492 च्या आधी ही खिचडी शक्यच नव्हती, आणि आपण ती उपासाला खातो! दुसऱ्या दिवशी पोरगी पहिल्या पाच मिनिटांतच बोलली, आणि मग तिला तीन मुलांनी प्रश्न विचारले.

तर युक्ती हीच: एक उदाहरण आणि पुस्तकातल्या पान क्रमांकासह एक प्रश्न घरून तयार न्यायचा, आणि लवकर बोलून मोकळं व्हायचं. उशीर केला की तुमचा मुद्दा दुसरा कोणी तरी मांडून जातो. ‘तिच्या मुद्द्यात भर घालायची तर’ अशी सुरुवात शिक्षकांना आवडते. भारताचा धडा आला की अख्खा वर्ग तुमच्याकडे बघतो. जातीबद्दल, फाळणीबद्दल विचारतात. एकट्या मुलाने सव्वाशे-दीडशे कोटींच्या वतीने उत्तर द्यायला हवं असं नाही. ‘माझ्या घरात असं आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

गाईडची सवय

ही सोडावी लागते. पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि कुठून घेतलं ते सांगितलं नाही, तर इथे ती चोरी धरतात. हेतू नव्हता म्हणून सुटका होत नाही. निबंध बहुतेक ठिकाणी अशा प्रणालीतून जातात जी मिळतीजुळती वाक्यं शोधते. कॉम्प्युटरकडून लिहून घेतलेल्या मजकुराबद्दलचा नियम प्रत्येक शिक्षकाचा वेगळा असतो, तो सिलॅबसमध्ये वाचा. आणि आई-बाबांनो, निबंध तुम्हीही लिहायचा नाही. मी एकदा एक परिच्छेद ‘सुधारून’ दिला होता. बाईंनी नेमका तोच अधोरेखित करून विचारलं, हा आवाज कोणाचा?

पुढचं वर्ष

जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म येतात, तेव्हा एपी वर्ल्डचा प्रश्न येतो. तो अभ्यासक्रम साधारण इसवी सन 1200 पासून सुरू होतो आणि मे महिन्यात परीक्षा, 1 ते 5 गुणांत निकाल. त्यात डीबीक्यू नावाचा निबंध असतो: सात कागद आणि एक तास, त्यातली 15 मिनिटं वाचायला. ऑनर्समध्ये तीन-चार कागदांवर केलेला सराव तिथे उपयोगी पडतो. मुलाला तीन कागदांचा निबंध 40 मिनिटांत जमत असेल आणि वाचताना कपाळाला आठी पडत नसेल तर घ्यावा. शेजारच्यांच्या मुलीने घेतलाय, एवढंच कारण असेल तर राहू द्या.

जूनमध्ये पाठ्यपुस्तक शाळेला परत द्यायचं असतं, आत क्रमांकाचा शिक्का असतो, आणि पान फाटलं किंवा पेनाने लिहिलं तर पैसे भरावे लागतात. आपल्या मुलांना पुस्तकात रेघा मारायची सवय असते, तेव्हा पहिल्याच दिवशी हातात पेन्सिल द्या. पिवळ्या मार्करने रंगवलेल्या त्या पानांचे पैसे आम्ही निमूट भरले.